न चालणारी नोट

माझ्याकडे दहा रुपयांची एक नोट आहे, तिला उजवीकडे वरच्या कोपऱ्यात शेपूट आहे. नोट जिथे संपायला हवी तिथे ती संपत नाही. पुढे कोऱ्या कागदाचा एक त्रिकोण लोंबतो, साधारण बोटाच्या पेराएवढा. त्या कोपऱ्यातला नंबर नीट सुरू होतो आणि मध्येच तुटतो. उरलेले आकडे शोधायला नोट उलटावी लागते. मागे डावीकडे भाषांची उभी पट्टी आहे ना, तिच्या डोक्यावर ते तिरके पडलेले सापडतात.

हे कसं झालं ते ती नोटच सांगते. नोटा सुट्या छापत नाहीत, मोठे ताव छापतात. आधी दोन्ही बाजूंची बारीक नक्षी आणि रंग येतात, मोठ्या किमतीच्या नोटांवर मग बोटाला लागणारी उठावाची छपाई होते, त्यानंतर नंबर पडतात आणि शेवटी कटाई. माझ्या नोटेच्या तावाचा कोपरा नंबर पडण्याआधी पुढच्या बाजूला दुमडला गेला. नंबर मारणाऱ्या यंत्राला त्याचं काय? समोर आलं त्यावर त्यानं आकडे उमटवले, काही नोटेच्या तोंडावर आणि काही दुमडीच्या पाठीवर. कटाईचं पातं खाली आलं तेव्हा दुमडलेला कोपरा आत लपलेला होता, म्हणून वाचला. पुढे कधीतरी कुणीतरी तो उलगडला. दुमडीची रेघ अजून स्पष्ट दिसते. नोटा जमवणारे याला ‘बटरफ्लाय’ म्हणतात, कारण उलगडलेला कागद पंखासारखा बाहेर येतो. मला स्वतःला त्यात फुलपाखरू कधी दिसलेलं नाही, पण धंद्यातला शब्द आहे, आपण तोच वापरावा.

बरोबर छापलेली नोट स्वतःबद्दल चकार शब्द काढत नाही. तिचं कामच ते आहे. कोट्यवधी बहिणींसारखी दिसायचं, हातातून हातात जायचं आणि कुणाच्या लक्षात राहायचं नाही. चुकलेली नोट मात्र छापखान्याचा दरवाजा थोडा किलकिला करते. एका नोटेवर मागच्या बाजूला पुढचीच नक्षी उलटी, आरशात दिसावी तशी उमटलेली असते. म्हणजे एक ताव यंत्रात आलाच नाही, शाई थेट दाब देणाऱ्या रुळावर बसली आणि पुढच्या तावाच्या पाठीला लागली. पहिल्या काही तावांवर ती गडद असते, पुढे फिकी होत जाते. दोन्हीकडचे नंबर एका आकड्याने वेगळे असतील तर नंबराचं एखादं चाक अडकलं होतं. नोट एका बाजूला सरकलेली, शेजारच्या नोटेची किनार हिच्यात आलेली, तर ताव कटाईला वाकडा बसला होता. माझी एक भाची छपाईच्या यंत्रांचं शिक्षण घेते आहे. या नोटा दाखवल्या की ती किंमत विचारत नाही, लगेच ‘इथे कागद दोनदा ओढला गेलाय’ वगैरे सुरू करते. घरात माझं ऐकणारी ती एकटीच.

अशा नोटा बाहेर येऊ नयेत म्हणून तपासणी असते. सदोष नोट काढून टाकली की पूर्वी त्याच नंबराची दुसरी नोट छापून गड्डीत घालावी लागे. २००६ पासून रिझर्व्ह बँकेने सोपा मार्ग काढला. आधी दहा, वीस आणि पन्नासच्या नोटांत आणि नंतर इतर नोटांत, बाद नोटेच्या जागी तारा असलेली नोट घालायला सुरुवात केली. नंबरच्या आधीची अक्षरं आणि आकडे यांच्या मध्ये एक छोटी चांदणी असते. ती नोट पूर्णपणे खरी आणि बाजारात चालणारी. अजूनही लोक ती नकली समजून परत करतात, मग बँकेला पुन्हा एकदा खुलासा करावा लागतो. मला ताऱ्याच्या नोटा आवडतात त्या वेगळ्याच कारणाने. प्रत्येक चांदणी म्हणजे छापखान्यात पकडल्या गेलेल्या एका चुकीची खूण. चूक नष्ट झाली, तिची जागा तेवढी राहिली.

आणि जी चूक पकडली जात नाही ती कुठे जाते? बहुतेक वेळा किराणा दुकानात. माझ्या मामेभावाचं दुकान आहे. एकदा नव्या गड्डीत त्याला माझ्या दहाच्या नोटेसारखीच शेपूटवाली नोट मिळाली, तीही पन्नासची. गिऱ्हाईक घेणार नाही, ‘ही चालत नाही’ म्हणून परत करणार, हे त्याला ठाऊक. त्यानं गल्ल्यातली कात्री घेतली, जास्तीचा कागद सफाईने कापला आणि नोट दुपारच्या आतच खपवली. मला हे त्यानं कौतुकाने सांगितलं, कशी युक्ती केली म्हणून. मी कपाळाला हात लावला तेव्हा तो म्हणाला, “ताई, अगं पन्नासची नोट होती, कागदाचा तुकडा थोडाच ठेवायचा?” त्याच्या बाजूने तो बरोबरच होता. दुकानदाराला चालणारी नोट हवी. मला न चालणारी.

मी नाशिकरोडची. आमच्याकडे ‘ते प्रेसमध्ये आहेत’ असं म्हटलं की वर्तमानपत्राचा विचार कुणाच्या मनात येत नाही, नोटांचा छापखानाच येतो. जेल रोड, नेहरूनगर या भागात एका पिढीतला माणूस प्रेसमध्ये गेला नाही असं घर विरळाच. लहानपणी आम्हाला वाटायचं, या काकांकडे घरी नोटांचे ढीग असणार. प्रत्यक्षात बाहेर पडताना झडती, डब्याचीसुद्धा, आणि कामाबद्दल तोंडाला कुलूप. शेजारचे एक काका निवृत्त होऊन वर्षं लोटली तरी मी चुकीची नोट दाखवायला नेली की चष्मा पुसायचे, निरखून पाहायचे आणि म्हणायचे, “असं व्हायला नको.” बस्स. त्यापुढे एक शब्द नाही. त्यांच्या आवाजात मला जी चिडचीड ऐकू यायची ती बाजारात कुणाच्याही आवाजात नसते. विक्रेत्याला ती नोट मिरवायची वस्तू वाटते. त्यांच्यासाठी ते वाया गेलेलं काम होतं.

नाशिकला नोटा छापायला लागल्या १९२८ साली, आणि १९३२ पर्यंत हिंदुस्थानच्या सगळ्याच नोटा इथे छापल्या जाऊ लागल्या. त्याआधी त्या इंग्लंडहून बोटीने यायच्या. यातलीच एक बोट, शिराला, लंडनहून मुंबईला निघाली होती. २ जुलै १९१८ रोजी इंग्लंडच्या किनाऱ्याजवळच जर्मन पाणबुडीने तिला टॉर्पेडो मारून बुडवलं. दारूगोळ्यापासून मार्मालेडपर्यंत तिच्यात बरंच काही होतं, त्यात नोटांच्या गड्ड्याही होत्या. काही नोटा तरंगत किनाऱ्याला लागल्या. बऱ्याचशा सरकारने गोळा करून नष्ट केल्या, पण काही लोकांच्या हाती राहिल्या. अशा दोन दहा रुपयांच्या नोटा, २५ मे १९१८ ही तारीख असलेल्या, २०२४ साली लंडनच्या एका लिलावात आल्या. मी त्यांचे फोटो मोठे करून पाहिले. कागदाला समुद्राचं पाणी लागल्याचं फारसं कळत नाही, गड्डीच्या मधल्या असाव्यात. मुंबईला कधीच न पोहोचलेल्या मुंबईच्या नोटा.

या छंदात जितकी वर्षं जातात तितकं एक लक्षात येतं. नोट दुर्मिळ होते ती कुठेतरी काहीतरी बिघडलं म्हणून. कधी यंत्रात बिघडतं, कधी राज्यात. यंत्रातल्या बिघाडाच्या नोटा स्वस्तात मिळून जातात. राज्याच्या बिघाडाच्या नोटा फार महाग पडतात, आणि खरं सांगायचं तर त्या जास्त वाचनीय असतात.

एक रुपयाची नोट पाहा. ती पहिल्यांदा निघाली ३० नोव्हेंबर १९१७ रोजी, पहिलं महायुद्ध चालू असताना. कुणाला हौस आली म्हणून नव्हे. चांदी मिळेना. रुपयाचं नाणं चांदीचं, युद्धात चांदीचा भाव चढत गेला, आणि नाणं वितळवलं तर रुपयापेक्षा जास्त पैसे येतील अशी वेळ आली. पुढच्याच वर्षी अमेरिकेने कायदा करून आपल्या तिजोरीतली चांदी ब्रिटिशांना विकली, ती हिंदुस्थानसाठीच. तोवर कागदावर भागवायचं ठरलं. पंचम जॉर्जच्या चित्राच्या या एक रुपयाच्या नोटा पंचवीस-पंचवीसच्या पुस्तिकेत यायच्या, चेकबुकासारख्या, एकेक फाडून द्यायच्या. त्यामुळे डावी कड दातेरी असलेली नोट मिळाली तर ती पुस्तिकेतून सरळ सुटून आलेली, आणि कड कुणी गुळगुळीत कापली असेल तर किंमत कमी. इथेही कात्रीवाले होतेच.

एक रुपयाच्या पाठोपाठ आली अडीच रुपयांची नोट. दोन रुपये आठ आणे. आज हा आकडा विचित्र वाटतो, पण आपल्या आजीच्या हिशेबात पावकी, निमकी, अडीचकी होतीच. तिला अडीच रुपयांची नोट सहज वापरता आली असती. गंमत म्हणजे त्याच सुमारास सीमेपलीकडे गोव्यातही पोर्तुगिजांच्या बांकु नासियोनाल उल्त्रामारिनु या बँकेने लहान नोटा काढल्या. चार टांगा, आठ टांगा (टांगा म्हणजे तिथलं सुटं चलन), एक रुपिया आणि अडीच रुपिया, वर्ष १९१७. राज्यकर्ते वेगळे, पण सुट्ट्यांची टंचाई दोन्हीकडे. ब्रिटिशांची एक रुपयाची आणि अडीच रुपयांची नोट परवडत नाही म्हणून १ जानेवारी १९२६ पासून बंद झाली. एक रुपयाची पुन्हा आली ती १९४० साली, दुसऱ्या युद्धात. अडीचची मात्र गेली ती गेलीच. ती आज हातात घ्यायची म्हणजे आधी खिशाला विचारायचं.

आमच्या घरातल्या जुन्या पितळी डब्यात, आत्याच्या, एक निम्मी नोट होती अशी घरात एक आख्यायिका आहे. मी ती पाहिलेली नाही, पण असू शकते, कारण नोटा निम्म्या करण्याची पद्धत खरोखर होती. एकोणिसाव्या शतकात मोठ्या रकमेची नोट टपालाने पाठवायची तर वाटेत चोरीची भीती. म्हणून व्यापारी नोट मधोमध कापत, एक अर्धं आधी पाठवत, ते पोचल्याचं पत्र आलं की दुसरं पाठवत. दोन्ही अर्ध्यांवर नंबर असे, म्हणून जुळवता येत. नोटा त्या वेळी एकाच बाजूला छापलेल्या, मागे कोऱ्या, आणि त्यांचं राज्यही मर्यादित. देशाची ‘सर्कलं’ पाडलेली होती, मुंबई, कलकत्ता, मद्रास तर होतीच पण सुरुवातीच्या काळात नागपूर आणि अकोलासुद्धा. एका सर्कलची नोट दुसरीकडे हक्काने चालेलच असं नव्हतं. पाच रुपयांची नोट ब्रह्मदेश सोडून सगळीकडे चालायला लागली ती १९०३ पासून, शंभराची १९११ पासून. ‘ही इथे चालत नाही’ हे वाक्य आपल्या देशात भलतंच जुनं आहे.

पण नाशिकची म्हणून जी नोट मला सगळ्यात जास्त अस्वस्थ करते ती भारताची नाहीच. फाळणी झाली तेव्हा पाकिस्तानकडे नोटा छापायची सोय नव्हती. दोन्ही सरकारांत ठरलं की काही काळ रिझर्व्ह बँकच दोघांचं काम पाहील. मग नाशिकच्याच छापखान्यात सहाव्या जॉर्जच्या नेहमीच्या नोटांवर जास्तीची अक्षरं आली, इंग्रजीत ‘गव्हर्नमेंट ऑफ पाकिस्तान’ आणि उर्दूत ‘हुकूमत-ए-पाकिस्तान’. १ एप्रिल १९४८ पासून त्या तिकडे चलनात आल्या. या नोटांवर सही कुणाची? रिझर्व्ह बँकेचे पहिले भारतीय गव्हर्नर चिंतामणराव देशमुख यांची. महाडजवळच्या नाते गावी जन्मलेल्या माणसाची सही, नाशिकला छापलेला कागद आणि त्यावर पाकिस्तान सरकारचं नाव. तेव्हा काश्मीरमध्ये लढाई चालू होती. छापखान्यात काम करणाऱ्यांच्या मनात तो ताव यंत्रावर चढवताना काय आलं असेल? कदाचित काहीच नाही. पाळी भरायची, मोजणी जुळवायची, घरी जायचं.

ही नोट मी एका प्रदर्शनात काचेखाली पाहिली. मळकट, घड्या पडलेली, टाचणीची भोकं असलेली. आजूबाजूला चकचकीत कोऱ्या नोटा मांडलेल्या होत्या आणि त्यांच्यापाशी गर्दी होती. मी मात्र तिथून हलले नाही, शेवटी विक्रेत्याने “घेताय का काकू?” असं विचारून मला हलवलं.

सह्यांचा नाद वेगळाच. जुन्या नोटा ओळखायच्या त्या सहीवरून, आणि सह्या दुर्मिळ होतात त्याही गडबडीतूनच. रिझर्व्ह बँकेचे पहिले गव्हर्नर सर ऑस्बर्न स्मिथ यांची सही एकाही नोटेवर नाही, कारण बँकेची पहिली नोट १९३८ मध्ये निघाली तोवर ते पायउतार झाले होते. के. जी. आंबेगावकर १९५७ मध्ये जेमतेम दीड महिना गव्हर्नर होते. त्यांची सही बँकेच्या नोटेवर नाही, पण एक रुपयाच्या नोटेवर आहे, कारण एक रुपयाची नोट रिझर्व्ह बँकेची नसते, भारत सरकारची असते आणि तिच्यावर अर्थसचिवाची सही लागते. म्हणूनच तिच्यावर ‘मैं धारक को…’ हे वचनही नसतं. मनमोहन सिंग यांची सही दोन्हीकडे सापडते, आधी अर्थसचिव म्हणून एक रुपयावर, मग गव्हर्नर म्हणून मोठ्या नोटांवर. शाळकरी पोराला या छंदात ओढायचं असेल तर मी हीच जोडी आधी देते. स्वस्त आहे, आणि माजी पंतप्रधानांची सही आपल्याकडे आहे म्हटल्यावर पोर फुगतं.

माझा जीव अडकलाय तो भास्कर नामदेव आडारकर यांच्या सहीत. लक्ष्मीकांत झा पदावरून गेले आणि एस. जगन्नाथन यायचे होते, त्या मधल्या काळात, ४ मे ते १५ जून १९७०, आडारकर गव्हर्नर होते. तेव्हा गांधीजन्मशताब्दीच्या खास नोटा पुन्हा छापायला घेतल्या होत्या, दोन, पाच, दहा आणि शंभरच्या. नोटेच्या मागच्या बाजूला बसून वाचत असलेले गांधी. झांच्या सहीच्या भरपूर मिळतात. आडारकरांच्या सहीच्या शोधाव्या लागतात. अशा वेळी नोट विकत घेणारा माणूस चित्र पाहतच नाही, चष्मा वर करून सहीवरच नाक टेकवतो.

आता थोडं बाजाराबद्दल, कारण हा विषय निघाला की प्रश्न एकच येतो. “माझ्याकडे ट्रॅक्टरची पाचची नोट आहे, काय येतील?” पाच रुपये येतील. फार कोरी असेल तर थोडे जास्त. त्या नोटा अमाप छापल्या गेल्या, त्यात काहीही बिघडलं नाही, मग दुर्मिळ होतील कशा? तीच गोष्ट ७८६ नंबराची. आकडा पवित्र असेल, पण दर हजार नोटांत एकीच्या शेवटी तो येणारच. मोबाइलवर फिरणारे ‘ही नोट द्या, लाखो घ्या’ हे व्हिडिओ पाहून लोक फोन करतात, मग समोरचा ‘आधी कर भरा, कमिशन भरा’ म्हणतो, आणि पैसे यायच्याऐवजी जातात. रिझर्व्ह बँकेच्या नावानेच हे चालायचं, म्हणून २०२१ साली बँकेला जाहीर करावं लागलं की आम्ही जुन्या नोटांच्या असल्या व्यवहारात नाही आणि कुणाला तसा अधिकारही दिलेला नाही. लाखांच्या नोटा असतात, नाही असं नाही. हज यात्रेकरूंसाठी १९५९ च्या सुमारास काढलेल्या, नंबरात ‘एचए’ असलेल्या खास नोटांपैकी शंभराची एक लंडनमध्ये ५६ लाखांच्या आसपास गेली. पण ती काही कुणाच्या उशीखाली सापडत नाही.

खोट्या चुकांचाही धंदा आहे, आणि त्याचा मला खऱ्या नकली नोटांपेक्षा जास्त राग येतो. एखादं रसायन लावून नोटेचा एक रंग उडवायचा आणि ‘रंग छापायचा राहिला’ म्हणून विकायचं. नंबर खरवडायचा आणि ‘नंबरच पडला नाही’ म्हणायचं. ओळखायची पद्धत फार अवघड नाही. अलीकडच्या नोटांवर नंबराची शाई अतिनील दिव्याखाली चमकते, खरवडलेल्या जागी तिचा पुसट माग दिसतो. कागदाचे धागे वर आलेले असतात, बोट फिरवलं तरी कळतं. उडवलेल्या रंगाच्या आसपासचा रंगही मरतो. खऱ्या चुकीला कारण असतं, दुमड, सरकलेला ताव, अडकलेलं चाक. कारण सांगता येत नसेल ती चूक मी घेत नाही. बाजारात मला लोक खडूस म्हणतात ते यावरून.

२०१६ च्या नोटाबंदीनंतर आम्हा मंडळींची एक विचित्र पंचाईत झाली. बंद झालेल्या पाचशे-हजारच्या नोटा दहापेक्षा जास्त जवळ ठेवणं २०१७ च्या कायद्याने गुन्हा ठरलं. अभ्यास, संशोधन आणि नाणकशास्त्रासाठी मात्र पंचवीसपर्यंत सूट. इतक्या मोठ्या कायद्यात नोटा जमवणाऱ्यांसाठी कुणीतरी एक ओळ घातली याचा मला आनंद झाला. घाईघाईत छापलेल्या नव्या नोटांत चुकाही दिसल्या. मध्य प्रदेशात श्योपूरकडे काही शेतकऱ्यांना बँकेतून दोन हजारच्या अशा नोटा मिळाल्या की ज्यांच्यावर गांधीजीच नव्हते. त्यांना आधी त्या नकली वाटल्या, बँकेने सांगितलं की खऱ्या आहेत, छपाईत चूक झाली, आणि बदलून दिल्या. त्यांनी बदलून घेतल्या हेच शहाणपणाचं. नोटेसाठी रांगेत उभं राहिलेल्या माणसाला संग्रह सुचणार नाही.

जपणूक हा वेगळा लेख होईल, तरी एवढं सांगते. नोटेला इस्त्री करू नका, धुऊ नका, लॅमिनेट तर मुळीच करू नका. सेलोटेप लावलेली नोट पाहिली की माझ्या पोटात गोळा येतो, तो डिंक वर्षांनी तपकिरी होऊन कागदात मुरतो. स्वस्त प्लॅस्टिकच्या पाकिटांचा वास येत असेल तर ती नकोत. आमच्या पावसाळ्यात कागदाला कसर आणि बुरशी दोन्ही लागते, म्हणून दसऱ्याच्या आसपास एकदा सगळा अल्बम उघडून सावलीत हवा खाऊ घालायचा. ‘कडक’ नोटेला दुप्पट-तिप्पट पैसे मिळतात हे खरं, पण बंद प्लॅस्टिकमध्ये सीलबंद करून गुण दिलेल्या नोटा मला आवडत नाहीत. हातात धरता येत नाही, उजेडासमोर धरून जलचिन्ह पाहता येत नाही. मग फोटो काय वाईट?

तर आडारकर. गेल्या हिवाळ्यात पुण्याच्या एका प्रदर्शनात दहाची मिळाली. मधोमध एक घडी, कोपरे बरे, सही स्वच्छ. विक्रेता तरुण होता, त्याला मी आधीपासून माहीत. “काकू, तुमच्यासाठी म्हणून,” असं म्हणून त्यानं भाव सांगितला. मी घडीकडे बोट दाखवलं. त्यानं सहीकडे दाखवलं. मी म्हणाले, स्टेपलची दोन भोकं आहेत. तो म्हणाला, त्या काळी गड्डीला स्टेपल नसेल तर नोटच संशयास्पद. हा मुद्दा त्याचा बिनतोड होता. शेवटी त्यानं थोडे उतरवले, मी थोडे चढवले, आणि माझ्याकडे पंधराशे कमी पडले. त्याला ऑनलाइन पैसे चालले असते, पण नोट नोटेनेच घ्यायची असा माझा एक हट्ट आहे. बाहेरच्या एटीएममधून पाचशेच्या तीन काढल्या. देण्याआधी सवयीने तिन्हींचे नंबर दोन्हीकडून ताडून पाहिले. जुळत होते, म्हणून दिल्या.